रेडिंगमध्ये पहिली गाडी घेताय, तर ती डिझेल एस्टेट सोडा

तुमचा प्रश्न असा की पुण्याहून इंग्लंडमध्ये रेडिंगला येऊन सहा महिने झाले, वहिनी हॉस्पिटलात नर्स आहेत, रात्रपाळीच्या वेळांना बस धड मिळत नाही, हॉस्पिटल घरापासून चार मैल, मुलीची शाळा दीड मैल, आणि सुट्टीला कधीतरी लंडन नाहीतर समुद्र. बजेट चार हजार पौंड. ऑफिसातला एकजण त्याची २०१४ ची दोन लिटर डिझेल एस्टेट (मागे लांब डिकी असलेली मोठी गाडी) ३२०० ला देतोय, स्वच्छ गाडी, एकच मालक, आत लेदर. घेऊ का, आणि महिन्याला सगळा मिळून खर्च किती.

नका घेऊ. गाडी वाईट आहे म्हणून नाही, तुमच्या कामाला ती चुकीची आहे म्हणून. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली १९ वर्षं इकडे मिडलँड्समध्ये गॅरेजात आहे आणि त्यातली ११ वर्षं एमओटी टेस्टर म्हणून (एमओटी म्हणजे इथली गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी), आणि आपल्याकडून नवीन आलेल्या माणसांनी पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त पैसे कुठे घालवले असं विचाराल तर उत्तर हेच, जुनी मोठी डिझेल आणि रोज चार मैलांची फेरी. भारतात डिझेल म्हणजे मायलेज आणि मायलेज म्हणजे बचत हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इकडे आल्यावरही हात तिकडेच जातो.

होतं काय ते सांगतो. २००९-१० नंतरच्या जवळपास प्रत्येक डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची एक जाळी असते, धुरातली काजळी त्यात अडकते. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी इंजिन पूर्ण गरम पाहिजे आणि पुढे दहा-पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला पाहिजे. चार मैलांत, त्यात जानेवारीच्या थंडीत, इंजिन नुसतं कोमट होतं तोवर हॉस्पिटलचं पार्किंग येतं. जाळणं अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी परत सुरू होतं, परत अर्धवट, आणि ते जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोकांना आनंद होतो की गाडी ऑइल पीत नाही, पण ते ऑइल पातळ झालेलं असतं आणि तेच टर्बोच्या बेअरिंगला जातंय. मग एक दिवस पिवळा दिवा, गाडी रेटा घेत नाही, गॅरेजात जबरदस्तीने जाळून घ्यायचे शंभर-दीडशे, दोन महिन्यांनी परत तेच, आणि शेवटी नवीन डीपीएफ हजार पौंडांच्या वर. काढून टाकायचा मार्गही बंद आहे, २०१४ पासून मूळ गाडीला डीपीएफ असेल आणि तो काढलेला दिसला तर एमओटी सरळ नापास.

आता त्या गाडीच्या एमओटीचा जो इतिहास तुम्ही पाठवलाय तो मी नीट वाचला, आणि इथे थोडा वेळ घेतो कारण ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात यासारखं दुसरं हत्यार नाही आणि ते फुकट आहे. सरकारच्या साइटवर नंबर प्लेट टाकली की गाडीच्या प्रत्येक एमओटीची तारीख, मैल, पास-नापास आणि टेस्टरने लिहिलेला शब्द न् शब्द दिसतो. आपल्याकडे जुनी गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा लागतो, इथे चार-पाच अनोळखी मेकॅनिकनी वर्षामागून वर्ष लिहून ठेवलेलं असतं, फक्त वाचता यायला पाहिजे.

आधी मैल बघा. तुमच्या या गाडीचे २०२१ ला ९२ हजार, २०२२ ला १ लाख ४ हजार, मग १ लाख १२, १ लाख १५, आणि २०२५ ला १ लाख १७ हजार. म्हणजे आधी वर्षाला बारा हजार मैल पळणारी गाडी शेवटची दोन वर्षं दोन-तीन हजारच पळाली. मीटर मागे फिरवलेला दिसत नाही, तो फिरवला की सहसा आकडे उलटे जातात. इथे बहुतेक माणूस घरून काम करायला लागला आणि मोटरवेवर पळायची सवय असलेली डिझेल दुकान-शाळा-घर करत बसली. म्हणजे वर जे डीपीएफचं सांगितलं ते या गाडीत आधीच दोन वर्षं चालू असणार. तुमचा सहकारी खोटं बोलतोय असं मी अजिबात म्हणत नाही, त्याला कदाचित माहीतही नसेल. पण कमी पळालेली गाडी म्हणजे चांगली गाडी हे डिझेलच्या बाबतीत उलटं धरा.

मग शेरे. २०२२ ला लिहिलंय मागचा ब्रेक पाइप गंजलेला, २०२३ ला तेच, २०२४ ला तेच आणि जोडीला पुढच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश झिजलेला. हे सगळे ॲडव्हायजरी, म्हणजे आज पास करतोय पण लक्ष ठेवा. आणि २०२५ ला एकदम कोरी पाटी, एकही शेरा नाही. याचे दोनच अर्थ, एकतर पाइप आणि बुश बदलले, मग त्याची बिलं असतील, ती मागा. किंवा दुसऱ्या टेस्टरने तेवढं लिहिलं नाही. गंज आपोआप बरा होत नाही. तीन वर्षं एकच शेरा आणि काम काहीच नाही हे दिसलं की मी त्या एका पाइपापुरतं बघत नाही, या मालकाने बाकीच्या गोष्टीही अशाच पुढे ढकलल्या असतील असं धरून चालतो. ऑइल कधी बदललं, टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या भागांची लय सांभाळणारा पट्टा) कधी बदलला, ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदललं का, सगळ्यांची उत्तरं बहुधा तशीच येतात.

गंजाबद्दल तुम्हाला पुण्यात कधी विचार करावा लागला नसेल. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, खाणीतलं खडेमीठ, चेशरमध्ये विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. ते मीठपाणी चार-पाच महिने गाडीच्या पोटाला लागत राहतं. वरून रंग चकचकीत आणि खाली सबफ्रेम, सिल, ब्रेकचे पाइप, कॉइल स्प्रिंग खाल्लेले. स्प्रिंगचं तर असं की वरचा रंग उडतो, मीठ शिरतं आणि मग एखाद्या खड्ड्यात खालचा वेढा मोडतो, चालवणाऱ्याला कित्येकदा कळतही नाही, रॅम्पवर घेतल्यावर आम्हालाच दिसतं. माझ्याकडे एक नाशिककडचं कुटुंब यायचं, त्यांनी असाच ब्रेक पाइपचा शेरा दोन वर्षं तसाच ठेवला, पास झाली ना गाडी मग कशाला. तिसऱ्या हिवाळ्यात राउंडअबाउटला ब्रेक दाबल्यावर पेडल खाली गेलं. दोन वेगळ्या लाइनी असतात म्हणून गाडी थांबली, मागच्या सीटवर त्यांचा धाकटा होता. पाइप बदलायला त्या वेळी ऐंशी-नव्वद पौंड लागले असते. म्हणून शेऱ्यांत ब्रेक, स्टिअरिंग, गंज हे शब्द दिसले की ते पुढच्या वर्षावर टाकू नका.

शेरे वाचताना दोन शब्द लागतील, नियरसाइड म्हणजे डावी, फुटपाथकडची बाजू आणि ऑफसाइड म्हणजे उजवी, ड्रायव्हरची. २०१८ च्या मेपासून दोषांच्या पायऱ्या आहेत. डेंजरस म्हणजे नापास आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवायचीच नाही, मेजर म्हणजे नापास, मायनर म्हणजे पास पण दुरुस्त करा, आणि खाली ॲडव्हायजरी. आणि एक गैरसमज काढून टाका, एमओटी पास म्हणजे गाडी चांगली असं नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स कसे आहेत हे आम्ही टेस्टमध्ये तपासतच नाही, एक कव्हरसुद्धा उघडायची परवानगी नसते. क्लच उद्या जाणार असला तरी गाडी आज पास होऊ शकते.

मग घ्यायचं काय. तुमच्या फेऱ्यांना छोटी पेट्रोल, टर्बो नसलेली, १.२ ते १.४, २०११ ते २०१६ मधली. टोयोटा यारिस, होंडा जॅझ, सुझुकी स्विफ्ट. जॅझ आणि स्विफ्ट तर तुम्ही पुण्यातही बघितल्यात. या तिन्हींच्या पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन असते, बेल्ट नाही, म्हणजे बेल्ट बदलायचा चार-पाचशेचा खर्च डोक्यावर नाही. तुम्ही म्हणाल मग एक लिटरची छोटी टर्बो का नको, मायलेज चांगलं देते. त्यातल्या काहींमध्ये बेल्ट इंजिनच्या आत तेलात बुडालेला असतो, ऑइल वेळेवर बदललं नाही की त्याचा भुगा होतो, तो भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिन कोरडं पडतं. पूर्ण सर्व्हिसची बिलं असलेली असेल तर वाईट नाही, पण चार हजारांत तशी बिलं असलेली क्वचित मिळते, त्यापेक्षा साधं इंजिन बरं. इथे सगळे ऑटोमॅटिक घे म्हणतील, घ्या हवी तर, पण या किमतीत जुने काही सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतात जे क्लच स्वतः दाबतात, ते टाळा.

टॅक्सचं गणित जरा विचित्र आहे म्हणून सांगतो. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाडीला टॅक्स तिच्या सीओटूवर, म्हणजे धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर, किलोमीटरला १०१ ते ११० ग्रॅमवाली वर्षाला २० पौंड, १११ ते १२० वाली ३५, आणि तिथून पुढे झपाझप वाढत मोठ्या गाड्यांना सातशेच्या वर. पण त्या तारखेनंतर नोंदलेल्या गाडीला पहिलं वर्ष सोडून एकच दर, २०२५-२६ ला तो १९५ पौंड, मग ती कितीही छोटी असो. म्हणजे २०१६ ची यारिस वीस-पस्तीस पौंडांत आणि तीच २०१८ ची १९५. दोन वर्षांनी नवी म्हणून पाचशे जास्त द्याल आणि वर दरवर्षी दीडशेहून जास्त. तुमच्या सहकाऱ्याच्या डिझेलचाही टॅक्स कमी आहे हे खरंय, तो मुद्दा मी नाकारत नाही, पण २०१७ नंतरच्या गाडीच्या तुलनेत होणारी ती दरवर्षीची शे-दीडशेची बचत एका डीपीएफमध्ये जाते.

आणि लंडन. डॉलिस हिलला महाराष्ट्र भवनात गणपतीला जाल, हॅरो-वेंब्लीला कोणी नातेवाईक असेल. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाचे पैसे लावणारा नियम, लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (विभागांत) लागू आहे. डिझेल युरो ६ (धुराचं मानक, आपल्याकडच्या भारत स्टेजसारखं) नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, आणि दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, त्यामुळे आरती-जेवण उरकून रात्री साडेबाराला निघालात की दोन दिवसांचे पंचवीस. युरो ६ साधारण सप्टेंबर २०१५ पासूनच्या डिझेलना, म्हणजे ही २०१४ ची बहुतेक बसत नाही, नंबर टाकून खात्री करा. पेट्रोलला युरो ४ पुरतं, २००६ नंतरच्या जवळपास सगळ्या चालतात. बर्मिंगहॅमला आठ, ब्रिस्टलला नऊ पौंड, नियम हेच.

वयासाठी नंबर प्लेट वाचायला शिका. आपण एमएच १२ बघून पुणे ओळखतो तसं इथे मधले दोन आकडे नोंदणीची वेळ सांगतात, १४ म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१४, आणि ६४ म्हणजे त्याच्या पुढचे सहा महिने, सप्टेंबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५.

आता विमा, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा आकडा हाच असणार आहे आणि लोक गाडी घेऊन झाल्यावर विचारतात. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं, त्यानंतर नाही, आणि भारताचं लायसन्स अदलाबदल करून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं. तुमचे सहा गेले. प्रॅक्टिकलच्या तारखेला महिनोन्महिने लागतात, म्हणून प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्सचा अर्ज आजच करा आणि थिअरी उरकून घ्या. बारा महिने उलटले आणि टेस्ट झालेली नसली तर एल प्लेट लावून, शेजारी २१ वर्षांवरचा आणि तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस घेऊनच चालवता येतं, म्हणजे वहिनींची रात्रपाळीची सोय तिथेच बंद. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं हेही लक्षात ठेवा.

इथे विमा गाडीच्या किमतीवर कमी आणि चालवणाऱ्यावर जास्त ठरतो, लायसन्स कुठलं, किती वर्षांचं, घराचा पोस्टकोड, रात्री गाडी कुठे उभी राहते, काम काय करता. भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, तरी जुन्या कंपनीकडून इंग्रजीत पत्र मागवून ठेवा, एखादा धरतोही. ब्रिटिश लायसन्स हातात आलं की दर उतरतो, म्हणून टेस्टमध्ये घातलेला पैसा परत येतो. थर्ड पार्टी स्वस्त असेल असं धरू नका, कित्येकदा कॉम्प्रिहेन्सिव्ह स्वस्त पडतो, दोन्ही बघा. विमा सुरू व्हायच्या तारखेच्या साधारण तीन आठवडे आधी कोट (विम्याचा भाव) काढा, आदल्या दिवशी काढलं तर तोच विमा महाग मिळतो. महिन्याच्या हप्त्याला व्याज लागतं, जमलं तर एकरकमी भरा.

दोन गोष्टी वहिनींच्या संदर्भात. एक, गाडी रोज त्या चालवणार असतील तर मुख्य ड्रायव्हर त्याच लिहा. तुमच्या नावावर स्वस्त पडतं म्हणून तुम्ही मुख्य आणि त्या जादा ड्रायव्हर असं केलं तर त्याला इथे फ्रंटिंग म्हणतात, ती फसवणूक धरतात, आणि नेमका अपघात झाल्यावर विमा हात वर करतो. दुसरं, वापर कशासाठी तिथे कम्यूटिंग निवडा, नुसतं घरगुती वापर निवडून हॉस्पिटलला रोज गेलात तर तो प्रवास विम्यात बसत नाही. आणि त्यांची ड्यूटी जर दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी असेल किंवा पेशंटच्या घरी जायचं असेल तर बिझनेस यूज लागतो, थोडेच पैसे वाढतात पण ते घ्या. विम्याशिवाय एक फर्लांगही नको, रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचून सांगतात, ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (गुन्ह्याची नोंद), आणि इथली पहिली टेस्ट पास झाल्यावर दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत थिअरीपासून सुरुवात.

आता तुम्ही विचारलेला आकडा. वर्षाला सहा हजार मैल धरतो, तुमचं तेवढंच होईल. इथलं मायलेज मैल प्रति गॅलन आणि पेट्रोल लिटरमध्ये, गॅलन ४.५४६ लिटरचा, त्यामुळे ४५ एमपीजी म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला साधारण १६ किलोमीटर. सहा हजार मैलांना सहाशे लिटरच्या थोडं वर, लिटरला १ पौंड ४० धरला तर ८५०. विमा तुमच्या परिस्थितीत मी ११०० धरतो, त्यात वरखाली होईल. टॅक्स ३५, एमओटी ४५ (कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स आहे पण बरेच कमी घेतात), सर्व्हिस १८०, टायरपोटी वर्षाला १२०, ब्रेकडाउन कव्हर (रस्त्यात बंद पडली तर मदत) ७०, आणि दुरुस्तीला ४००. बेरीज २८००, महिन्याला २३३.

यातले शेवटचे चारशे लोक धरत नाहीत आणि तिथेच गाडी अंगावर येते. जुन्या गाडीला दरवर्षी काहीतरी लागतंच, यंदा पुढच्या डिस्क-पॅड दोनशेच्या आसपास, पुढच्या वर्षी स्प्रिंग, मग बॅटरी, मग क्लच सहाशे. आधीच महिन्याला तीस-पस्तीस बाजूला टाकलेले असले की नापासचा कागद हातात आल्यावर माणूस क्रेडिट कार्डाकडे धावत नाही. तुमच्या चार हजारांतली गाडी तेहेतीसशेच्या पुढची घेऊ नका आणि उरलेले सातशे खात्यात तसेच ठेवा, पहिल्या महिन्यात मागच्या मालकाने टाळलेलं एखादं काम निघतंच, तेव्हा लागतील.

पेट्रोलचं अजून थोडं, सुपरमार्केटचं पेट्रोल पातळ असतं वगैरे ऐकाल, सगळ्यांना एकच ब्रिटिश मानक पाळावं लागतं, बिनधास्त भरा. मोटरवेच्या सर्व्हिसेसला मात्र भरू नका, लिटरमागे वीस पेन्स सहज जास्त असतात. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, २०११ पासूनच्या गाड्यांना चालतं.

सर्व्हिसिंगला छोटं गॅरेज शोधा, शोरूममध्येच नेलं पाहिजे असं काही नाही. गॅरेजवाल्याला ऑइलचा ग्रेड विचारा, झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी या पातळ ऑइलच्या इंजिनात हाताशी आहे ते घातलं असं होऊ देऊ नका. आणि एक युक्ती, एमओटीसाठी तुमच्या कौन्सिलचं (आपल्याकडची नगरपालिका) स्वतःचं टेस्ट सेंटर आहे का बघा. काही कौन्सिल आपल्या कचऱ्याच्या गाड्या वगैरेंसाठी ते चालवतात आणि लोकांनाही खुलं असतं. ते सहसा दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे उगाच काम काढायचं त्यांना कारण नसतं. मुदत संपायच्या एक महिना उणे एक दिवस आधीपर्यंत टेस्ट केली तरी पुढची तारीख तीच राहते, म्हणजे लवकर केली म्हणून दिवस वाया जात नाहीत, आणि नापास झाली तर दोन-तीन गॅरेजांचे भाव काढायला वेळ मिळतो. जुनी मुदत बाकी असेल आणि डेंजरस काही नसेल, गाडी रस्त्यावर चालवण्यासारखी असेल तर घरी आणता येते.

टायर. कायद्याने १.६ मिलिमीटर खाच लागते, मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत आणि सगळ्या परिघावर, नाहीतर एका टायरला २५०० पौंडांपर्यंत दंड आणि ३ पॉइंट, चार टायर म्हणजे चारपट. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला, बाहेरची कडा बुडाली तर ठीक. पण मी सांगेन ३ मिलिमीटरलाच बदला, इथे वर्षातले किती दिवस रस्ता ओला असतो ते तुम्ही बघताय. कोणी पार्ट-वॉर्न म्हणजे वापरलेले टायर पंचवीस पौंडांत देईल, घेऊ नका, ते कुठल्या अपघातातल्या गाडीचे आहेत ते कोणाला माहीत. आणि स्टेपनी आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, फेसाची बाटली असते, कडेला फाटलेल्या टायरला तिचा काही उपयोग नाही.

हिवाळ्यासाठी वहिनींना हे नक्की दाखवा, कारण पहाटे साडेसहाला त्या एकट्या असणार. काचेवर बर्फ असला तर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते. खरवडणी आणि डी-आयसर (बर्फ वितळवणारा फवारा) गाडीत नाही, घरात ठेवायचं, गाडीत ठेवलं आणि दारच गोठलं तर काय उपयोग. इंजिन सुरू ठेवून परत घरात चहाला जायचं नाही, तेवढ्यात गाडी चोरीला जाते आणि किल्ली आत होती म्हणून विमा पैसे देत नाही. वायपरच्या टाकीत साधं पाणी नको, ते गोठतं आणि मीठ उडालेल्या काचेतून समोरचं काही दिसत नाही. रेडिएटरमध्ये तर साधं पाणी कधीच नको, आपल्याकडे बाटलीतलं ओतून पुढे जातो, इथे ते गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. बॅटरी चार मैलांच्या फेऱ्यांत पूर्ण भरत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास एम४ मोटरवेवर काढा.

आता बघायला जाताना. गाडी बघायला जायच्या आधी मालकाला सांगा इंजिन सुरू करून ठेवू नका, आणि गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का गरम केलं ते विचारा. व्ही-फाइव्ह-सी म्हणजे लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), त्यावरचा पत्ता आणि तुम्ही जिथे उभे आहात तो पत्ता एकच पाहिजे. लॉगबुक मालकीचा पुरावा नाही, त्यावर फक्त नोंदणीकृत कीपर, म्हणजे गाडी ज्याच्या ताब्यात तो, कोण ते असतं, गाडीवर कर्ज बाकी असेल तर ते त्यात दिसत नाही. त्यासाठी दहा-वीस पौंडांत फायनान्स चेक मिळतो तो कराच, कर्ज बाकी असेल तर फायनान्सवाला गाडी तुमच्या दारातून नेऊ शकतो. त्याच चेकमध्ये कॅटेगरी एस किंवा एन दिसलं म्हणजे विम्याने कधीतरी गाडी मोडीत काढली होती, एस म्हणजे सांगाड्यालाच मार, ती सोडून द्या. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने मोठा दोष निघाल्यास ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात, माणसाकडून खासगीत घेतली तर तो हक्क जवळजवळ नाही, म्हणून डीलरचे दोन-तीनशे जास्त असले तरी तुमच्यासारख्या पहिल्यांदा घेणाऱ्याला मी डीलरकडेच पाठवेन.

टॅक्स गाडीबरोबर येत नाही, २०१४ च्या ऑक्टोबरपासून ते बंद झालं, लॉगबुकच्या हिरव्या चिठ्ठीवरचा नंबर टाकून तिथेच मोबाइलवर भरायचा आणि मगच गाडी हलवायची. तो महिन्याच्या एक तारखेपासून धरला जातो, म्हणून २८ तारखेला घेण्यापेक्षा चार दिवस थांबून १ तारखेला घ्या. आणि पुढे घर बदललंत तर लॉगबुक आणि लायसन्स दोन्हींवरचा पत्ता बदला, स्पीड कॅमेऱ्याची नोटीस १४ दिवसांत लॉगबुकच्या पत्त्यावर जाते, ती जुन्या घरी पडून राहिली तर शंभराचा दंड कोर्टात जाऊन कितीतरी पट होतो.

तर सहकाऱ्याला मनापासून धन्यवाद सांगा आणि नाही म्हणा, ऑफिसातल्या माणसाची गाडी घेऊन महिन्याभरात दिवा लागला तर नातंही बिघडतं. या आठवड्यात तीन-चार यारिस-जॅझ शोधून ठेवा, प्रत्येकीचा एमओटी इतिहास शेवटच्या पाच वर्षांचा इथे टाका, मी एकेक वाचून सांगतो. आणि वहिनींची रात्रपाळी कुठल्या दिवशी असते तेही सांगा, त्या दिवशी गाडी बघायला जाऊ नका, त्या झोप झालेल्या असताना त्यांनाही चालवून बघू दे, टेस्ट ड्राइव्हला दोघांचा विमा लागू आहे का ते आधी विचारून.